चौदा महिन्यांचे उंदीर

आयना पर्डी कधी कुणाला घाईनं बोलवायची नाही. एकतीस वर्षं ती ग्लासगोतल्या त्या संशोधन संस्थेच्या तळघरात उंदीर सांभाळत होती, आणि समोर उंदीर असो की प्रोफेसर, तिचा आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही. त्या मंगळवारी मात्र तिनं वर फोन केला आणि म्हणाली, "सेंगा, हातातलं असेल ते टाक आणि खाली ये."

डॉक्टर सेंगा रॅफर्टी खाली गेली. स्टीलच्या टेबलावर पाच यकृतं ओळीनं मांडलेली होती, एकेक जेमतेम अंगठ्याएवढं. यकृत कसं गुळगुळीत, गर्द तांबूस असायला हवं. यांतल्या चारांवर फिकट गाठी होत्या. काही मसुराएवढ्या, एक तर चांगली वाटाण्याएवढी.

"औषधवाल्या पिंजऱ्यांतली?" सेंगानं विचारलं.

"पाचही."

"आणि बिनऔषधाचे?"

"ते सकाळीच उघडले. सहांपैकी एकात गाठ. मला वाटलं माझंच काही चुकतंय, म्हणून पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या तीनदा ताडून पाहिल्या." आयनानं हातमोजे काढले. "चुकलेलं नाही, पोरी."

पुढच्या तीन दिवसांत दोघींनी मिळून सगळे उंदीर तपासले. औषध दिलेले चोवीस, त्यांतल्या पंधरांना कर्करोगाच्या गाठी. न दिलेले तेवीस, त्यांतल्या सहांना.

हे औषध सेंगाच्याच टेबलावर जन्मलं होतं. दारूनं म्हणा, चरबीनं म्हणा, काविळीच्या विषाणूनं म्हणा, यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की त्यात वण पडत जातात, वणांत वण मिसळतात आणि शेवटी ते दगडासारखं घट्ट होतं; यालाच सिरॉसिस म्हणतात. हे वण विरघळवणारं औषध कुणाकडेच नव्हतं. सेंगानं नऊ वर्षांत पंचावन्न रसायनं वापरून पाहिली आणि टाकून दिली. छप्पन्नावं लागू पडलं. आठ आठवडे ते दिलं की उंदरांच्या यकृतातले वण खिडकीवरच्या हिमासारखे ओसरायचे. सगळे त्याला 'छप्पन्न' म्हणू लागले. एका बड्या औषधकंपनीनं ते उचललं, प्रयोगशाळाप्रमुख प्रोफेसर अलिस्टर क्रॉम्बीचा फोटो वर्तमानपत्रांत झळकला, आणि त्या शरद ऋतूत माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. एक गट चौदा महिने जगवायचा हा हट्ट मात्र सेंगाचा एकटीचा होता. कर्करोग काही आठ आठवड्यांत उगवत नाही. क्रॉम्बी तेव्हा हसून म्हणाला होता, "ठेव की. तळघरात जागा भरपूर आहे."

सेंगा यकृताच्या मागे का लागली, हे संस्थेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा बाप गव्हनच्या गोदीत जहाजांना रिव्हेट ठोकायचा. दारूला त्यानं जन्मात ओठ लावला नव्हता. सोबती चिडवायचे तरी लिंबाचं सरबत घेऊन बसायचा. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, म्हणून त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा तेरा वर्षांची सेंगा पलंगाशी उभी होती. बाप म्हणाला, "मी पीत नाही, साहेब." डॉक्टरनं मागं उभ्या विद्यार्थ्यांकडे पाहून डोळा मारला आणि म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." विद्यार्थी हसले. चार महिन्यांत बाप यकृताच्या कर्करोगानं गेला. अंगात लोह साठत जाण्याचा आजार त्या घराण्यातच होता, हे पंधरा वर्षांनी तिच्या भावाचं रक्त तपासलं तेव्हा कळलं. तोवर आई शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत म्हातारी झाली होती.

तर शुक्रवारी आकडे घेऊन सेंगा पाचव्या मजल्यावर गेली. क्रॉम्बीच्या खोलीच्या रुंद खिडकीतून क्लाइड नदी दिसायची. त्यानं तिच्यासाठी स्वतः कॉफी ओतली. कागद पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले.

"म्हातारे उंदीर आहेत गं. म्हाताऱ्या उंदरांना गाठी होतातच."

"बिनऔषधाचेही तेवढेच म्हातारे आहेत."

"पिंजऱ्यात काही संसर्ग असेल. आणि आयनाचंही आता वय झालं. चिठ्ठ्यांची अदलाबदल..."

"आयनाला यात ओढू नका. तुमच्या-माझ्या चुका ती तीस वर्षं निस्तरत आलीय."

क्रॉम्बीनं कप खाली ठेवला. "हे बघ. उंदीर म्हणजे माणूस नव्हे."

"आठ आठवड्यांचे उंदीर माणूस होते!" सेंगाचा आवाज बाहेर चिटणिसापर्यंत गेला. "तेव्हा काय सांगत होतात पेपरवाल्यांना? स्कॉटलंडमधल्या हजारो रुग्णांना आशेचा किरण! आणि चौदा महिने जगले तर ते लगेच पुन्हा उंदीर झाले?"

"हळू बोल."

"चाचण्या थांबवा. कंपनीला आज कळवा."

"आणि कुणासाठी थांबवू?" आता तोही तापला. "सिरॉसिसच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं आहेत ती, सेंगा. अर्ध्यांनी आपल्या हातानं यकृत जाळून घेतलंय. तशीही दोन-चार वर्षांचीच सोबती. त्यांच्यासाठी नऊ वर्षांचं काम पाण्यात घालू?"

सेंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाशी आलेल्या शिव्या बापाच्या गोदीतल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तिनं देऊनही टाकल्या. क्रॉम्बीनं त्या ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मऊ आवाजात म्हणाला, "बरं. प्रयोग पुन्हा कर. दुप्पट उंदीर घे. तेच आलं, तर मी स्वतः कंपनीला फोन करीन. शब्द देतो. एकाच प्रयोगावर कोण विश्वास ठेवतं? तू तरी ठेवशील का?"

इथेच ती फसली. मागणी खोटी नव्हती. एकदा दिसलं ते पुन्हा दिसतं का पाहा, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवायची. ती "बरं" म्हणाली आणि जिना उतरली.

दर गुरुवारी ती दवाखान्यातल्या यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात जायची आणि चाचणीतल्या रुग्णांचे रक्ताचे नमुने घ्यायची. तिथं टॅम गिलफेदर यायचा. अठ्ठावन्न वर्षांचा, आडवा, बसचा माजी ड्रायव्हर. बाहेरच्या चहाच्या टपरीवरून चौकोनी सॉसेजचा रोल घेऊन यायचा आणि खायला मनाई असताना खिशात लपवायचा.

"काय डॉक्टरीणबाई, आमचं लिव्हर काय म्हणतंय आज?"

"तुमच्यावर नाराज आहे. कोटाच्या खिशातला वास त्याच्यापर्यंत पोचलाय."

"मी प्यायलो, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं प्यायलो. पण आता नऊ वर्षं थेंब नाही. नेट्टाला विचार. बायको आहे, ती काही माझी बाजू घ्यायची नाही."

टॅमला छप्पन्न मिळत होतं. त्याच्या यकृताचा घट्टपणा मोजला की आकडा दर तिमाहीला खाली यायचा. तो खूश होता. जिने चढायला लागला होता, नातवाला घेऊन तळ्यावर मासे पकडायला जायला लागला होता. सेंगा त्याचं रक्त नळीत घ्यायची, "कसं वाटतंय, टॅम?" विचारायची आणि उत्तर ऐकताना नळीवरचं लेबल वाचत बसायची. गाठीचं तिनं एका अक्षरानंही सांगितलं नाही. असे अकरा महिने गेले.

अकराव्या महिन्यात आयनाला नव्या उंदरांच्या पोटात बोटांनीच गाठी लागू लागल्या. सेंगा पुन्हा वर गेली. क्रॉम्बी म्हणाला, "अर्धवट आकडे मला आणू नकोस. चौदा महिने पुरे होऊ देत." दरम्यान त्यानं पहिल्या प्रयोगाचा निबंध छापून आणला होता. त्यात चौदा महिन्यांचा गट नव्हताच. लेखकांच्या यादीत दुसरं नाव सेंगाचं होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात टॅमचा स्कॅन झाला. उजव्या भागात अडीच सेंटिमीटरची गाठ. दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला नीट समजावून सांगितलं: सिरॉसिस असलेल्यांना हे होऊ शकतं, लवकर सापडलंय, सुईनं जाळता येईल. टॅम बाहेर आला तेव्हा सेंगा दारात उभी होती.

"टॅम, चला, चहा घेऊ."

टपरीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. तिथं बसून तिनं सगळं सांगितलं. उंदीर, पंधरा आणि सहा, क्रॉम्बी, दुसरा प्रयोग. टॅमनं हातातला रोल तसाच धरून ठेवला. तिचं संपल्यावर म्हणाला, "तुला कधीपासून ठाऊक आहे हे?"

"अकरा महिने."

त्यानं रोल कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. "अकरा महिने तू दर गुरुवारी माझं रक्त काढलंस."

"हो."

"आणि विचारायचीस, कसं वाटतंय, टॅम."

"हो."

"तुझ्यासारखं शिकलेलं, दारू न पिणारं माणूस माझ्या जागी असतं, तर थांबली असतीस अकरा महिने?"

सेंगानं चहाचा कप जमिनीवर ठेवला. शेवटी म्हणाली, "गाठ औषधानंच झाली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. सिरॉसिसमध्ये ती तशीही होते."

"मग आता सांगितलंस कशाला?"

"तुम्हाला माहीत असायला हवं होतं. औषध घ्यायचं की नाही, हे ठरवणं तुमच्या हातात होतं."

"होतं," टॅम म्हणाला. "होतं म्हणे!" त्यानं खुर्ची अशी मागं ढकलली की ती आडवी पडली. टपरीवरच्या बाईनं वळून पाहिलं. "पुन्हा माझ्या रक्ताला हात लावू नकोस. बाकीच्या सगळ्यांना सांग. आज सांग, उद्या नाही. आणि त्या तुझ्या साहेबाला म्हणावं, टॅम गिलफेदर बस चालवायचा, त्याला सगळे स्टॉप ठाऊक आहेत. घर शोधून काढीन त्याचं."

त्यानं कधी कुणाचं घर शोधलं नाही. सेंगानं मात्र त्याच दुपारी औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला चौदा पानी पत्र पाठवलं, दोन्ही प्रयोगांचे कच्चे आकडे जोडून. खाली आयनानंही सही केली. सही करताना एवढंच म्हणाली, "हे गेल्या वर्षी का नाही लिहिलं आपण?" 

नऊ दिवसांत चाचण्या थांबल्या. दहाव्या दिवशी क्रॉम्बीनं तिला जिन्यातच गाठलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या पाठीमागे? सोळा वर्षं तुला मी वर आणलं!"

"तू मला वर आणलंस?" सेंगा दोन पायऱ्या खाली होती, तिथून तिनं वर पाहिलं. "माझ्या हातचं काम तू वर नेलंस, अलिस्टर, लिफ्टनं, आणि मी जिन्यानं मागून आले. शब्द दिला होतास. तेच आलं तर फोन करीन म्हणाला होतास. आलं ना तेच? कुठाय फोन?"

"चौदा महिने पुरे झाले नव्हते."

"झाले असते तर अठरा मागितले असतेस."

जिन्यात वरखाली माणसं थबकली होती. क्रॉम्बी कोटाची बटणं लावत निघून गेला.

मग चौकशी बसली. संस्थेनंच नेमलेले तीन सदस्य, सात महिने, बेचाळीस पानं. निष्कर्ष: नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत त्रुटी होत्या, हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या असण्याची शक्यता 'पूर्णपणे नाकारता येत नाही'. डॉक्टर रॅफर्टी यांनी रुग्णाला परस्पर माहिती देऊन गोपनीयतेचा भंग केला, याची मात्र गंभीर दखल घेण्यात आली. सेंगानं तो अहवाल उभ्यानं वाचला, मग बाजूच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांपैकी एक उचलून भिंतीवर फोडली. एक फोडून समाधान झालं नाही म्हणून दुसरी. मग झाडू आणून काचा स्वतःच गोळा केल्या, कारण सफाईला येणाऱ्या बाईचा यात काय दोष?

क्रॉम्बी वर्षभरानं मानानं निवृत्त झाला. निरोपाच्या जेवणात बॅगपाइप वाजवत मेंढीच्या मांसाचं हॅगिस आणलं गेलं, भाषणं झाली. त्याच महिन्यात आयनाही निवृत्त झाली. तिला संचालकांनी कार्यालयात बोलावून एक घड्याळ दिलं. आयनानं ते हातात घेऊन पाहिलं आणि त्यांच्या टेबलावर परत ठेवलं.

"घड्याळ आहे माझ्याकडे," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "चिठ्ठ्या मी बदलल्या नाहीत, एवढं लिहून द्याल का? सहीनिशी."

संचालक म्हणाले, तसं काही लिहून देता येत नाही. आयना म्हणाली, मग ठीक आहे, आणि घड्याळ तिथंच ठेवून घरी गेली.

सेंगाचा करार पुढे वाढवला गेला नाही. ग्लासगोत तिला कुणी दारात उभं करेना. तोंडावर सगळे गोड, फोन मात्र कुणाचा येत नव्हता. शेवटी डंडी शहरातल्या एका जुन्या मैत्रिणीनं आपल्या प्रयोगशाळेतली दोन टेबलं रिकामी करून दिली. तिथं सेंगानं चार वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: वण विरघळले, तर गाठी का वाढल्या? आयना आठवड्यातून दोनदा आगगाडीनं यायची. निवृत्त बाईला घरात बसवत नाही, असं ती सांगायची. खरं तर तिला तो 'नाकारता येत नाही' शब्दप्रयोग पुसून काढायचा होता.

उत्तर सापडलं. जुना वण म्हणजे नुसता कचरा नव्हता. बिघडलेल्या पेशींच्या काही घोळक्यांना त्यानं चहूबाजूंनी कोंडून ठेवलेलं असायचं. आजार नवा असताना छप्पन्न दिलं तर यकृत खरोखरच सुधारायचं. उशिरा दिलं, तर औषध त्या कोंडवाड्याच्याच भिंती पाडायचं आणि आतल्या पेशी मोकाट सुटायच्या. म्हणजे औषध टाकाऊ नव्हतं. कुणाला द्यायचं आणि कुणाला अजिबात नाही, हे पहिल्याच वर्षी शोधता आलं असतं. कुणी ऐकलं असतं तर.

निबंध छापून आला. कुठल्या वर्तमानपत्रात फोटो आला नाही. क्रॉम्बीचं दोन ओळींचं ईमेल तेवढं आलं: "अभिनंदन. यात काहीतरी आहे, असं मला पहिल्यापासून वाटायचं."  सेंगानं उत्तर पाठवलं नाही. सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा पुसलं.

टॅमची गाठ सुईनं जाळली होती. दोन वर्षांनी दुसरी आली, मग तिसरी. तो पुन्हा सेंगाला भेटला नाही. तिनं दोन पत्रं पाठवली, ती न फोडता परत आली. मग मार्च महिन्यात दवाखान्यातून फोन आला: टॅम गिलफेदर गेले. मृत्यूनंतर यकृत संशोधनासाठी द्यावं, असा कागद करून ठेवलाय. संस्थेला नाही, तुमच्या नावानं.

यकृत बर्फातून डंडीला आलं. त्यानंतर आठवड्यानं, दुपारी, नेट्टा गिलफेदर बसनं आली. लहानखुरी, ताठ, हातमोजे न काढता उभी राहिली.

"तू सेंगा?"

"हो. बसा ना."

"बसायला नाही आले. त्यानं तुला माफ केलेलं नाही. हे तोंडावर सांग, असं बजावून गेलाय."

"बरोबर आहे त्यांचं."

"मीही केलेलं नाही."

सेंगानं पुढे केलेली खुर्ची मागं सरकवली.

"मग मी विचारलं त्याला, तिच्या नावानं कशाला देतोस? तर म्हणाला, बाकीचे सगळे सॉरी म्हणतात आणि घड्याळ बघतात. ती बाई निदान चिडते." नेट्टानं टेबलावरच्या काचपट्ट्यांकडे पाहिलं. "यात आहे का तो?"

"त्या चार पट्ट्यांत."

नेट्टानं जवळ जाऊन पाहिलं. जांभळट-गुलाबी ठिपके. हात लावला नाही. "कळेल का यावरून? औषधानं झालं की दारूनं?"

"एका यकृतावरून नाही कळणार. चाचणीतल्या आणखी नऊ जणांना गाठी झाल्यात. त्यांच्या यकृताच्या औषधाआधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची परवानगी मागितलीय. तिघांच्या घरून होकार आला. दोघांनी शिव्या दिल्या. चार घरं गप्प आहेत."

"गप्पच राहणार. तुझं पत्र पाहिलंय मी, टॅमनं परत पाठवायच्या आधी उजेडात धरून वाचलं होतं. वकिलाच्या नोटिशीसारखं. दे त्यांचे पत्ते, मी जाते."

"पत्ते माझ्याकडे नाहीत. पत्रं दवाखान्यामार्फत जातात. आणि असते तरी देता आले नसते."

"नियम?"

"नियम."

"मोडायला हवा होता तेव्हा अकरा महिने पाळलास की!" नेट्टाचा आवाज पहिल्यांदाच फुटला. तिनं हातमोजा काढून डोळ्यांवरून फिरवला, पुन्हा घातला. "मग पत्रात माझा नंबर घाल. लिही, टॅमची बायको आहे, तिला फोन करा. तुझ्याशी बोलायला कुणाला आवडेल?"

सेंगानं कागद ओढला. नेट्टानं नंबर दोनदा सांगितला आणि तिनं बरोबर लिहिलाय की नाही, हे वाकून तपासलं. चहा घेतला नाही. चारची बस होती.

सेंगानं चारही घरांसाठी पत्रं नव्यानं लिहिली, या खेपेला एकेका पानाची, आणि आयनाकडून वाचून घेतली. आयनानं दोन वाक्यं खोडली. महिन्याभरात चौघांपैकी तिघांनी नेट्टाला फोन केला.